त्सुनामीचा थर ओळखताना या चुका टाळा

खाजणाच्या काळ्या चिखलात पांढरट वाळूचा पट्टा दिसला आणि त्यात दहा-बारा फोरॅमिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म एकपेशीय जीव) सापडले, की अहवालात ‘त्सुनामी’ लिहून मोकळे होणारे बरेच आहेत. पण हा गाळ मुळात कुठला, एवढेच ते कवच सांगू शकते. तो कोणत्या लाटेने आणला, हे त्याला विचारून उपयोग नाही.

‘समुद्री कवच सापडले, म्हणजे त्सुनामी’

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते. ट्रोकॅमिना, जॅडॅमिना हे फोरॅमिनिफेरा खाजणातच राहतात. अमोनिया खाडीच्या मचूळ पाण्यात सुखाने वाढतो. त्यामुळे खाजणात फोरॅमिनिफेरा सापडणे ही बातमीच नाही. जे तिथे जगूच शकत नाहीत, त्यांच्याकडे बघा: उथळ समुद्रतळावरच्या जाती, खुल्या समुद्रात तरंगणाऱ्या जाती आणि वेगवेगळ्या खोलीवरच्या कवचांची एकाच थरात झालेली सरमिसळ.

आणि हे सगळे मोठ्या वादळाचे उधाणसुद्धा आणू शकते. म्हणून खोदायच्या आधी त्याच किनाऱ्याचे आजचे नमुने घ्या. पुळण, वाळूच्या टेकड्या, खाडीचे मुख, खाजण, उथळ समुद्रतळ, प्रत्येक ठिकाणी तीन-चार जागी वरचा 1 सेंमी थर पुरतो. टेकड्या हमखास वगळल्या जातात, आणि हलकी रिकामी कवचे वाऱ्याने आत उडून येतात ती तिथूनच. त्याच किनाऱ्यावर तारीख माहीत असलेल्या वादळाचा थर मिळाला, तर तुलनेला त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या 26 जानेवारी 1700 च्या कॅस्केडिया भूकंपाचे आणि त्याच्या त्सुनामीचे पुरावे इतके भक्कम का, ते नीट समजून घ्या. वाळूखाली उंचावरच्या खाजणाची माती आहे, तर वाळूवर भरती-ओहोटीचा चिखल आहे. दोन्हींतले डायटम (सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म शैवले) आणि फोरॅमिनिफेरा वेगळे आहेत. म्हणजे जमीन अचानक खाली गेली आणि त्याच सुमारास वाळू आली. वादळाने जमीन खचत नाही. तेव्हा नुसता वाळूचा थर मोजून थांबू नका. त्याच्या खालचे आणि वरचे निदान 10-10 सेंमी दर सेंमीला तपासा.

उलटी चूक: ‘समुद्री जीवाश्म नाहीत, म्हणजे त्सुनामी नाही’

11 मार्च 2011 च्या त्सुनामीने जपानच्या सेंदाई मैदानावर जो गाळ टाकला, त्यातले समुद्री डायटम फारच थोडे होते. वाळू मुख्यतः पुळणीची आणि टेकड्यांची होती, चिखल शेतातला होता. पाणी 4 किलोमीटरपेक्षा आत गेले, पण वाळूचा ठळक थर साधारण 3 किलोमीटरच्या आतच संपला. त्यापुढे चिखलाचा पातळ पापुद्रा होता. असा थर 1,000 वर्षांनी कोअरमध्ये (जमिनीत नळी घालून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात) सापडला असता, तर घाई करणाऱ्याने तो नदीच्या पुराच्या नावावर टाकला असता. वाळूचा शेवट हीच पाण्याची हद्द धरू नका. वाळू संपली तरी पुढचा चिखल तपासत राहा.

रिकामी डिश

मायक्रोस्कोपखाली काहीच दिसले नाही, की ‘गोड्या पाण्याचा थर’ असे लिहिले जाते. जरा थांबा. कुजक्या वनस्पतींनी भरलेला चिखल आम्लधर्मी असतो आणि त्यात चुन्याची कवचे विरघळतात. कडा खाल्लेली, दुधी पडलेली कवचे किंवा आतले नुसते सेंद्रिय अस्तर उरले असेल, तर कवचे तिथे होती असे समजा. वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या जातीच फक्त शिल्लक असतील, तरीही हाच संशय घ्या.

कित्येकदा हा नाश प्रयोगशाळेतच होतो. चिखल सुटावा म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड ओततात. चिखलात पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असते, त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनते आणि उरलीसुरली कवचेही जातात. पेरॉक्साइड डायटमसाठी ठेवा. फोरॅमिनिफेरासाठी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या सौम्य द्रावणात नमुना रात्रभर भिजवा आणि 63 मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या मंद धारेखाली धुवा. नमुना दिवसेंदिवस डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, तेही किंचित आम्लधर्मी असते. अल्कोहोलमध्ये ठेवायचा असेल तर चिमूटभर बोरॅक्स टाका. खाजणाचा नमुना वाळवूही नका. वाळला की त्याचा नमदा होतो, म्हणून तो ओलाच मोजा.

डायटमसाठीचा वाटा मात्र चाळणीच्या आधीच वेगळा काढा. बहुतेक डायटम 63 मायक्रॉनपेक्षा लहान असतात, धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीत जातात. हा वाटा वाचवला म्हणजे चुन्याचे सगळे विरघळले तरी सिलिकाचा पुरावा हाती राहतो.

छोट्या वाटणाऱ्या, पण महागात पडणाऱ्या

चाळणीच्या जाळीत आधीच्या नमुन्याची कवचे अडकतात. प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी घासा आणि मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात बुडवून धुवा, म्हणजे जाळीत उरलेली कवचे निळी होतात. पुढच्या डिशमध्ये निळे कवच दिसले, तर ते मोजायचे नाही. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि तरी सर्वांत जास्त टाळले जाते, याचे वाईट वाटते.

कोअरचा पृष्ठभाग खरवडताना पाते थरांना समांतर, आडवे फिरवा. उभे फिरवले की वरची वाळू खालच्या चिखलात पसरते. नमुन्यासाठी काठाचा अर्धा सेंमी सोडून मधलाच गाळ घ्या.

चाळीस कवचांवर टक्केवारी काढू नका. 300 मोजा. थरात तेवढी नसतील, तर मिळालेला आकडा जसाच्या तसा लिहा.

खाजणातले फोरॅमिनिफेरा मातीत खोलवरही जगतात, त्यामुळे जुन्या थरात एखादे ताजे कवच दिसले तर गोंधळू नका.

वाळूतल्या कवचांवर कार्बन डेटिंग करून त्सुनामीचे वय सांगू नका. ती कवचे लाटेच्या कितीतरी आधी मेलेली असू शकतात, शिवाय समुद्राच्या पाण्यातल्या जुन्या कार्बनमुळे साधारण 400 वर्षांचा फरक पडतो. थराच्या लगेच खालच्या नाजूक बिया किंवा पानांचे तुकडे घ्या. त्यांवरून घटना याआधीची नाही हे कळते. लगेच वरच्यांवरून ती यानंतरची नाही हे कळते. सेंदाईला 869 च्या जोगान त्सुनामीच्या वाळूवर 915 च्या तोवादा ज्वालामुखीची राख आहे. अशी राख मिळाली, तर वरची मर्यादा तिच्यावरूनच धरा.