विधानसभेच्या उमेदवाराची भूमिका कशी तपासावी

निवडणुकीच्या दिवसांत घरात येऊन पडणाऱ्या पत्रकावर गटारांपासून हमीभावापर्यंत सगळी आश्वासने एकाखाली एक छापलेली असतात आणि मतदाराची फसगत नेमकी तिथेच होते. कारण त्यांतली काही कामे ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची असतात, काही राज्य सरकारची, तर काही थेट दिल्लीची. म्हणून पत्रक हातात आले की पेन घेऊन बसावे आणि प्रत्येक आश्वासनापुढे, हे काम कोणाच्या अखत्यारीतले आहे, एवढे आधी लिहावे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, पाणीपुरवठा व सिंचन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय आहेत. शिक्षण १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत गेले, तरी शाळांचा मोठा भार आजही राज्यच उचलते. हमीभाव मात्र केंद्र सरकार जाहीर करते. त्यामुळे ‘हमीभाव वाढवून देऊ’ म्हणणाऱ्या उमेदवाराला, खरेदी केंद्रे वेळेवर सुरू व्हावीत म्हणून आपण काय करणार, असे विचारावे. कर्जमाफीचे तसे नाही. ती २०१७ आणि २०१९ मध्ये राज्य सरकारनेच जाहीर केली होती, तेव्हा त्या प्रश्नावर उमेदवाराला दिल्लीकडे बोट दाखवता येत नाही.

स्थानिक प्रश्न विचारताना तो जितका नेमका, तितके उत्तर टाळणे अवघड. ‘आरोग्यासाठी काय करणार?’ या प्रश्नाला कोणीही पाच मिनिटे बोलू शकतो. त्याऐवजी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधी स्वतः जाऊन यावे, वैद्यकीय अधिकाऱ्यांची व परिचारिकांची किती पदे मंजूर आहेत आणि त्यांपैकी किती भरलेली आहेत हे विचारून घ्यावे, ही माहिती सहज मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा आणि मग सभेत उभे राहून विचारावे की, ही रिकामी पदे भरण्यासाठी आपण कोणत्या खात्याकडे, कोणत्या मार्गाने पाठपुरावा करणार? ज्याने मतदारसंघ खरोखर पालथा घातला आहे, त्याला हे आकडे ठाऊक असतात. ठाऊक नसतील आणि तसे त्याने प्रांजळपणे कबूल केले, तर तेही मी त्याच्या बाजूनेच धरीन. ‘लवकरच शंभर खाटांचे रुग्णालय आणू’ या उत्तरापेक्षा ती कबुली कितीतरी मोलाची आहे.

राज्यव्यापी प्रश्नांवर उमेदवाराच्या वैयक्तिक मताइतकाच त्याच्या पक्षाचा जाहीरनामाही वाचावा लागतो. घटनेच्या दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजेच १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदींमुळे, पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे एखाद्या विधेयकाला ‘माझा व्यक्तिशः विरोध आहे’ असे सांगणाऱ्या उमेदवाराला, पक्षाने बाजूने मत द्यायला सांगितले तर काय कराल, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. आमदार आधीपासून निवडून आलेला असेल, तर त्याने मागील पाच वर्षांत किती तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न) विचारले, कोणत्या लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या सूचना) मांडल्या, हे विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदींतून पाहावे. आमदार निधीतून बांधलेल्या सभामंडपांवर नावाच्या पाट्या असतात, पण सभागृहात तो आपल्या भागाबद्दल काय बोलला, हे कोणत्याच पाटीवर लिहिलेले नसते.

यानंतर उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र काढावे. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मध्ये ते द्यावेच लागते आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येते. त्यात प्रलंबित गुन्ह्यांची कलमे, पूर्वीच्या शिक्षा, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, शासकीय थकबाकी, उत्पन्नाचे स्रोत आणि शासनाशी असलेली कंत्राटे एवढे सगळे असते. बहुतेक लोक मालमत्तेचा आकडा पाहून कागद बाजूला ठेवतात. मला मात्र कंत्राटांचा आणि थकबाकीचा रकाना अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण रस्त्यांच्या निकृष्ट कामांवर भाषण करणाऱ्याच्या घरातच रस्त्यांची कंत्राटे आहेत का, हे तिथे कळू शकते. गुन्ह्यांच्या बाबतीत केवळ संख्या पाहू नये, कलमे वाचावीत. जमावबंदी मोडून केलेले आंदोलन आणि फसवणूक किंवा मारहाण यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.

सभेत मिळालेली उत्तरे तारखेसह त्याच पत्रकाच्या मागे लिहून ठेवावीत आणि शक्य असेल तर शेजारच्या दोघांना ती वाचून दाखवावीत, म्हणजे ऐकण्यात झालेली चूक लगेच कळते. दुसऱ्या उमेदवारालाही तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारावा. निकालानंतर हे कागद टाकून न देता जपून ठेवावेत आणि निवडून आलेल्या आमदाराने नागपूरच्या पहिल्या हिवाळी अधिवेशनात त्यांतला एखादा तरी प्रश्न मांडला का, हे ताडून पाहावे.