सीजीपीए, वर्ग आणि पदवी प्रमाणपत्र: शेवटच्या सेमिस्टरला काय तपासायचं

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की पदवी आपोआप घरी येते, असं अनेक विद्यार्थी धरून चालतात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत साधारणपणे पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो. त्यावर छापली जाणारी श्रेणी मात्र त्याआधीच ठरलेली असते, म्हणून आधी हिशेब समजून घ्या.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दहा अंकी पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. प्रत्येक विषयाचे क्रेडिट (म्हणजे त्या विषयाला दिलेलं वजन) गुणिले श्रेणीचे अंक, या सगळ्यांची बेरीज, आणि तिला एकूण क्रेडिटनी भागलं की त्या सेमिस्टरचा एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी. समजा २२ क्रेडिटचं सेमिस्टर आहे. चार क्रेडिटच्या पाच विषयांत बी प्लस, ए, बी, सी आणि ए प्लस मिळाले, दोन क्रेडिटच्या एका विषयात ओ. बेरीज २८ + ३२ + २४ + २० + ३६ + २० = १६०. भागिले २२, म्हणजे ७.२७. आता सी मिळालेला विषय बी वर नेला तर एसजीपीए ७.४५ होतो. याउलट दोन क्रेडिटच्या विषयात ओ ऐवजी ए प्लस आला तरी तो फक्त ७.१८ पर्यंत उतरतो. शेवटच्या महिन्यातला अभ्यास कुठे घालायचा, ते इथे दिसतं: आवडत्या छोट्या विषयात नव्हे, चार क्रेडिटच्या अडलेल्या पेपरात.

सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, काढताना एसजीपीएंची सरळ सरासरी घेऊ नका. ती फक्त प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट समान असतील तेव्हाच बरोबर येते. नाहीतर प्रत्येक एसजीपीएला त्या सेमिस्टरच्या क्रेडिटनी गुणा, बेरीज करा आणि एकूण क्रेडिटनी भागा.

सर्वांत जास्त घोळ टक्केवारीत होतो. सीजीपीएला सरसकट १० ने गुणून अर्जात आकडा लिहिला, तर कागदपत्रं तपासताना तो अडकू शकतो. तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० आणि ७.२५ म्हणजे ६५. म्हणजे आधी ०.७५ वजा, मग गुणिले १०. अनेक विद्यापीठांची स्वतःची सूत्रं आहेत, तीही शाखेनुसार बदलतात. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक किंवा रूपांतराचं प्रमाणपत्र मिळवा आणि प्रत्येक अर्जाला तेच जोडा. ‘किमान ५५ टक्के’ किंवा ‘प्रथम वर्ग’ अशी अट असेल तिथे दशांश चिन्हानंतरचा आकडाही निर्णायक ठरतो.

अर्ज भरण्याआधी सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका समोर मांडा. जुनी केटी (राहिलेला पेपर) सुटली, पण त्याची सुधारित गुणपत्रिका कॉलेजातून घेतलीच नाही, असं फार होतं. निकाल ‘राखीव’ दिसत असेल तर मागच्या वर्षाचा पेपर किंवा पात्रतेची कागदपत्रं यांत कारण सापडण्याची शक्यता जास्त. कॉलेजच्या परीक्षा विभागात पीआरएन, म्हणजे तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक, सांगून विचारा. पुनर्मूल्यांकनाला टाकलं असेल तर तो निकाल लागेपर्यंत पदवीचा अर्ज थांबवा, कारण श्रेणी बदलली की छापलेलं प्रमाणपत्र दुरुस्त करून घेण्यात महिने जातात. मात्र अर्जाची शेवटची तारीख त्याआधीच येत असेल, तर परीक्षा विभागाला विचारूनच ठरवा.

अर्जात सर्वांत जास्त वेळ नावाला द्या. प्रमाणपत्रावर नाव देवनागरीतही छापलं जात असेल, तर ते संगणकाने आपोआप उमटवलेलं जसंच्या तसं स्वीकारू नका. नीलेशचा निलेश होतो, श्रुतीची श्रृती होते, आडनावातला ‘ळ’ हमखास ‘ल’ होतो. इंग्रजी नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळवा. आईचं नावही तपासा. चूक असेल तर अर्जाआधीच दुरुस्त करा.

डिजिलॉकरमध्ये पदवी दिसायला हवी असेल तर आधारवरचं नाव आणि विद्यापीठातलं नाव एकच असणं महत्त्वाचं. एबीसी आयडी (क्रेडिट साठवणाऱ्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधला तुमचा क्रमांक) काढून तो कॉलेजकडे नोंदवलेला आहे ना, हेही पाहा.

दीक्षान्त समारंभाला जायचं असेल तर अर्जातच तसं निवडा. नसेल तर प्रमाणपत्र टपालाने किंवा कॉलेजमार्फत मिळण्याचा पर्याय पाहा. गाऊन की उपरणं, किती पाहुणे, किती वाजता हजेरी हे सूचनापत्रात असतं. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर पाहुण्यांची अट आधी वाचा.

नोकरीवर रुजू व्हायचं किंवा पुढचा प्रवेश घ्यायचा असेल तर तोवर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र चालतं. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्रही मागा. परदेशी जाणाऱ्यांनी ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज लवकर करावा, त्याला वेळ लागतो.

पदवी हातात आली की लॅमिनेट करू नका. परदेशासाठी अपोस्टिल (कागद खरा असल्याची सरकारी मोहोर) करताना मूळ कागदावरच स्टिकर आणि शिक्के लागतात, प्लास्टिक चढवलेला कागद परत येतो. पारदर्शक फोल्डरमध्ये सपाट ठेवा आणि दोन्ही बाजूंचं स्कॅन लगेच काढून घ्या.