जाईला नुसती पानं, कळीच नाही – काय केलं ते

नाशिकला गंगापूर रोडला आमच्या गेटवर जाईची वेल आहे, नुसती माजलेली, हिरवीगार, पण कळी म्हणून नाही. सासूबाई म्हणायच्या उपटून टाक. मग दिंडोरीचे मामा आले, त्यांची द्राक्षबाग, वेल बघून हसलेच, म्हणाले अगं आम्ही एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी) करतो तेव्हा कुठे घड लागतो, हिला पण कात्री लाव की!

जाईला फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात, जुन्या लाकडावर नाही. म्हणून जानेवारीत थंडी असतानाच आधी थोडे दिवस पाणी तोडलं आणि मग सरळ गुडघ्याएवढी ठेवून छाटली (बघवत नव्हतं खरं), वाळक्या काड्या बुडापासून काढल्या. युरिया बंद, फक्त शेणखत आणि मूठभर बोनमील (हाडांचा चुरा). आपली काळी माती पाणी धरून ठेवते, बुडाशी चिखल व्हायचा, तिथे बारीक चर काढून दिला. वरची पेरूची फांदी पण उतरवली, ऊन हवंच. नवी फूट वीतभर झाली की शेंडे खुडले, त्याने फांद्या वाढतात.

मे संपता संपता बाहेरून गुलाबीसर कळ्यांचे झुपके लागले. गजरा करायचा तर कळ्या संध्याकाळी उमलायच्या आतच तोडा, सकाळी अर्ध्या खाली पडलेल्या असतात.