फलालीनची चादर घेताना लवेखालचं कापड बघा

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत फिनिशिंग खात्यात रेझिंग मशीनवर होते. साध्या सुती कापडावर लव उठवायची, हे त्यांचं काम. मोठा ड्रम, त्याच्याभोवती वाकड्या तारांचे दात बसवलेले रोलर. कापड त्यांच्यावरून ताणून जायचं आणि त्या तारा सुतातले तंतू ओढून वर काढायच्या. पाळी संपवून घरी आले की भुवयांवर, मिशीवर कापूस असायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते मशीन त्यांच्यापुरतं कायमचं थांबलं. कापड बघायची त्यांची रीत मात्र आमच्या घरात राहिली. दुकानात फलालीन हातात आलं की सगळे आधी ते गालाला लावतात. बाबा ते उलटं करून उजेडाकडे धरायचे. म्हणायचे, "लव कशावरही उठवता येते गं. खाली कापड आहे का ते बघ."

गेल्या काही हिवाळ्यांत मी तीन चादरींच्या मागे होते. एक इथे काळाचौकीला आमच्या ८४ वर्षांच्या आईसाठी, एक निफाडला असलेल्या बहिणीसाठी आणि एक लाइपझिगला शिकायला गेलेल्या भाचीसाठी. तिघींची थंडी वेगळी, म्हणून चादरही वेगळी. मी घरी शिवणकाम करते, तेव्हा कापडाची पारख थोडीफार आहे. तीच इथे सांगते.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे ज्याला फलालीन म्हणतात, ज्याची बाळाची झबली नि दुपटी शिवतात, ते सुती कापड. मूळचं फ्लॅनेल लोकरीचं होतं, ब्रिटनमधल्या वेल्सचं. सुती नंतर आलं. आता मात्र दुकानात "फ्लॅनेल बेडशीट द्या" म्हटलं की बऱ्याचदा पुढ्यात येते ती पॉलिएस्टरची चादर. गुळगुळीत, मखमलीसारखी, किंचित चमकणारी. हाताला ती सुती फलालीनपेक्षाही मऊ लागते, म्हणून माणूस फसतो. तिच्यात ऊब आहे, नाही असं नाही, पण घाम शोषत नाही. रात्री दोन वाजता पाठ चिकट होते, पांघरूण फेकावं लागतं आणि पहाटे पुन्हा कुडकुडत उठावं लागतं. बहिणीकडे अशी एक चादर होती. निफाडची हवा थंडीत इतकी कोरडी असते की अंधारात ती झटकली की चटचट ठिणग्या दिसायच्या.

तेव्हा पहिलं काम, लेबल वाचायचं. शंभर टक्के कॉटन लिहिलेलं हवं. "कॉटन फील", "कॉटन टच" असलं काही लिहिलं असेल तर ते सुती नाही असंच धरा. मीटरने घेत असाल आणि लेबलच नसेल, तर दुकानदाराकडून काठाचे दोन-तीन धागे मागून घ्या आणि घरी येऊन मोरीत जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, आणि राख बोटांत चुरली की मऊ भुकटी होते. पॉलिएस्टर वितळून आकसतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. राखही पडली आणि मणीही राहिला, तर मिश्रण आहे.

आता लवेखालचं कापड. यात थोडं खोलात जाते, कारण चादर दोन हिवाळे टिकणार की दहा, हे इथेच ठरतं. लव उठवताना तारा प्रामुख्याने आडव्या धाग्यातले तंतू ओढतात. म्हणून फलालीनसाठी आडवं सूत मुद्दाम जाड आणि कमी पिळाचं घेतात, म्हणजे तंतू सहज सुटतात. हिशेब सरळ आहे. जेवढी लव जास्त, तेवढा आडवा धागा कमजोर. खाली चांगलं भरीव कापड असेल तर तो हे सोसतो. पातळ कापडावर भरमसाट लव काढून ते गुबगुबीत दाखवलं असेल, तर वर्षभरात चादर मधोमध उभी फाटते, कारण आडवे धागेच आधी तुटतात.

हे दुकानात ओळखायचं कसं? कापड उजेडाकडे धरा. वीण सगळीकडे सारखी दिसायला हवी. कुठे ढगासारखे दाट-विरळ पट्टे दिसले तर ते कापड ठेवून द्या. मग दोन्ही हातांनी, दोन इंच अंतर ठेवून, कापड आडवं ओढा. धागे सरकून फट पडली आणि सोडल्यावरही ती बुजली नाही, तर तो माल घेऊ नका. तिसरी परीक्षा मी कधीच चुकवत नाही. पर्समध्ये काळ्या ब्लाउजपीसचा तुकडा ठेवते. तो बोटाला गुंडाळून फलालीनवर वीस वेळा घासायचा. दोन-चार तंतू येणारच, नव्या कापडाचा तो स्वभाव आहे. पण तुकडा पांढरा झाला, किंवा घासल्या जागी बारीक गोळे उठले, तर कापूस आखूड धाग्याचा आहे आणि पाच-सहा धुण्यांत सगळी चादर गोळ्यांनी भरेल. मंगलदास मार्केटमधला माझा नेहमीचा दुकानदार आता स्वतःच म्हणतो, "ताई, काढा तुमचा काळा तुकडा."

धाग्यांचा आकडा, म्हणजे थ्रेड काउंट, इथे बघू नका. गुळगुळीत चादरीला तो ठीक आहे. फलालीनमध्ये सूत जाड असतं, त्यामुळे आकडा कमीच येतो आणि त्यावरून काही कळत नाही. इथे वजन बघायचं. एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं, ते जीएसएम. परदेशी साइटवर ते कधी औंसात लिहितात, एका चौरस यार्डाला इतके औंस असं. एका औंसाचे साधारण ३४ जीएसएम धरा. पाच औंस म्हणजे १७० जीएसएम.

पाकिटावर जीएसएम नसेल तर काट्यावर ठेवा. ९० × १०८ इंचाची डबल चादर सव्वासहा चौरस मीटर होते. ती १७० जीएसएमची असेल तर नुसती चादर, उशांचे अभ्रे बाजूला काढून, किलोपेक्षा पन्नास-साठ ग्रॅम जास्तच भरली पाहिजे. तेवढीच चादर सहाशे ग्रॅम भरली, तर ते शंभर जीएसएमसुद्धा नाही, मग वर लव कितीही दिसो. ऑनलाइन घेताना वस्तूचं वजन दिलेलं असतं, त्यावरून हा हिशेब घरबसल्या करता येतो.

आता कोणाला किती वजनाची? मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ अंशांवर गेला होता. आई ती थंडी अजून सांगते, पण तशी पुन्हा पडलेली नाही. एरवी जानेवारीची पहाट सोळा-सतरा अंशांची. धडधाकट माणसाला इथे फलालीन लागत नाही, हे स्पष्टच सांगते. ज्यांना रात्री घाम येतो, पाळी जाण्याच्या वयात ज्यांना अंगातून वाफा आल्यासारखं होतं, त्यांनी तर घेऊच नये. पण सांधे धरलेली म्हातारी माणसं, बाळंतीण, तान्हं बाळ यांना पहाटेचा गारठा लागतो. त्यांच्यासाठी १२० ते १४० जीएसएम पुरे, आणि ती खाली अंथरायला. आईची तक्रार पांघरुणाची नव्हतीच. "अंग टाकलं की गादी गार लागते," एवढंच ती म्हणायची. गुळगुळीत चादर अंगाला सगळीकडून चिकटते आणि अंगातली ऊब ओढून घेते. फलालीनचं अंगाला लागतं ते तंतूंचं टोक, आणि तंतूंच्या मधे हवा अडकलेली असते. त्या हवेतून ऊब सहजासहजी निसटत नाही. खाली फलालीन, वर तिची जुनी गोधडी, एवढ्यावर आई आता सकाळपर्यंत झोपते. मेणकापड घालावं लागत असेल तर ते फलालीनच्या खाली घाला आणि चादरीच्या कडा गादीखाली नीट खोचा. लोंबणाऱ्या टोकात म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकतो.

निफाडची गोष्ट वेगळी. तिथे पारा कित्येकदा पाच-सहा अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते. बहिणीला मी १७० जीएसएमची, दोन्ही बाजूंनी लव असलेली घ्यायला लावली. एकाच बाजूला लव असलेली स्वस्त पडते आणि अंथरायला तेवढी चालते, पण पांघरायची असेल तर दोन्ही बाजूंची हवी.

भाची म्हणाली, "मावशी, इथे विकत घ्यायचीच का? तूच शिवून दे ना." मी नको म्हटलं. जर्मनीत गाद्यांची मापं वेगळी. तिथली एकेरी गादी बहुतेक ९० × २०० सेंटिमीटरची, म्हणजे आपल्या ७२ इंची गादीपेक्षा जवळजवळ सात इंच लांब. शिवाय तिथे रजईला खोळ घालतात, ती १३५ × २०० ची, आणि उशी चांगली ८० × ८० ची चौकोनी. आपल्याकडचे अभ्रे तिला होतच नाहीत. भाचीला एवढंच सांगितलं, की पाकिटावर "बीबर" शब्द शोध. तिथे सुती फलालीनच्या अंथरूण-पांघरुणाला तेच नाव आहे, बीव्हर या केसाळ प्राण्यावरून पडलेलं. आणि "शंभर टक्के बाउमवोले" वाच, म्हणजे शंभर टक्के सुती. तिने खोळ आणि अंथरायची चादर दोन्ही घेतल्या आणि फोनवर पहिलं वाक्य म्हणाली, "काळं कापड घासून बघितलं हं."

आईची चादर मात्र मी मीटरने घेऊन शिवली. मला मिळालं ते फलालीन ३६ इंची पन्ह्याचं. एकेरी पलंगासाठी तीन-तीन मीटरचे दोन तुकडे घेतले, एकूण सहा मीटर. शिवायच्या आधी दोन्ही धुवून वाळवले. ही पायरी टाळू नका, कारण फलालीन आटतं, शंभराला पाच-सहा इंच सहज. तयार चादर घेतानाही गादीच्या मापाला तंतोतंत घेऊ नये ती याचसाठी. मग एक तुकडा अख्खा मधे ठेवला, दुसरा उभा निम्मा कापून त्याचे दोन भाग दोन्ही बाजूंना जोडले. दोन पन्हे नुसते शेजारी जोडले असते तर शिवण बरोब्बर पाठीच्या कण्याखाली आली असती. अशा जोडणीत ती गादीच्या कडेला जाते. शिवण चपटी घ्या: एक कड दुसरीवर दुमडून दोन टिपा. सुई थोडी जाड लावा, टाका लांब ठेवा आणि दर वेळी मशीनच्या दातांखालचा कापूस ब्रशने काढा, नाहीतर टाके सुटतात. चौकडीचं कापड असेल तर ती विणलेली आहे की छापलेली, तेही बघून घ्या. विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

धुणं सोपं आहे. गार किंवा कोमट पाणी, साबण कमी. टॉवेलबरोबर कधीच धुवू नका, एकमेकांचे तंतू एकमेकांना चिकटतात. फॅब्रिक कंडिशनर नको. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि चादर पाणी शोषेनाशी होते. ओली असतानाच दोन-तीनदा जोरात झटकून दांडीवर घाला, लव उभी राहते. इस्त्री करू नका, लव दबते. खळ तर नकोच. खळीच्या वासाने कसर लागते, आणि ठेवणीतली चादर बाहेर काढाल तेव्हा भोकं दिसतील. होळीच्या सुमाराला एक कडक ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावरच कपाटात ठेवा. उन्हातून आणलेली गरम चादर तशीच घडी घातली तर आपल्या मुंबईच्या हवेत ती आत दमट होते आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. फलालीनची लव पटकन पेट घेते. तंतू बारीक आणि मधे हवा, त्यामुळे ज्योत वरच्यावर सरसर धावते. आईच्या उशाशी निरांजन असायचं, पलंगाखाली डासांची अगरबत्ती. फलालीन घातलं त्या दिवशी दोन्ही हलवली. निरांजन देवघरात, आणि डासांसाठी मच्छरदाणी.

आईची चादर आता चौथ्या हिवाळ्यात आहे. गेल्या वर्षी मधला भाग विरला, बाजूचे दोन्ही पट्टे मात्र नव्यासारखे होते. दोन शिवणी उसवल्या, नवं तीन मीटर आणून धुतलं आणि फक्त मधला पन्हा बदलला. त्याच चौकडीचं कापड मिळालं नाही, म्हणून आता मधे निळी चौकडी आहे आणि दोन्ही कडांना तांबडी. उसवलेल्या मधल्या पन्ह्यातून शेजारच्या खोलीतल्या बाळाला चार दुपटी झाली.