घोड्यांच्या फार्मवर पाहुण्यांचा दिवस कसा लावावा

शहरातून दोन दिवसांसाठी येणाऱ्या कुटुंबाची अपेक्षा साधी असते: घोड्यावर बसायचं, फेरी मारायची, फोटो काढायचे. तेवढंच दिलं तर सुटी तासाभरात संपते. शिवाय घोडा नवा, माणूस नवा, ओळख नाही, अशा वेळी अपघात सगळ्यात जास्त होतात. म्हणून फार्मवरचा क्रम पक्का ठेवावा: आधी जमिनीवर, मग पाठीवर. दोन दिवसांच्या मुक्कामात खोगिरावरचा वेळ अडीच-तीन तास पुरे. बाकीचा वेळ घोड्याच्या अवतीभवतीच्या कामात जातो, आणि ती कामं नीट आखली तर पाहुण्यांना तीच जास्त आवडतात.

वेळ ऊन ठरवतं

विदर्भात रपेटीचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. साडेसात ते दहा आणि दुपारी चार ते सहा हे दोन्ही वेळ चांगले. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पण उजाडतंही साडेपाच-पावणेसहाला. तेव्हा पावणेसहाला खोगीर चढवून सव्वासातला घोडा पागेत परत हवा. उन्हाळ्यात संध्याकाळची फेरी टाळलेली बरी, कारण जमीन सात वाजेपर्यंत तापलेली असते. आठला उठणाऱ्या पाहुण्यांना हे बुकिंगच्या वेळीच सांगा. तिथे येऊन कळलं की कुरकुर होते आणि मालक भिडेपोटी नऊला घोडा काढतो.

दाणा खाल्ल्यावर किमान एक तास घोडा कामाला लावायचा नाही. त्यामुळे सकाळची रपेट आधी आणि दाणा नंतर. रपेटीआधी मूठभर कडबा किंवा गवत चालतं.

वजन आधी, घोडा नंतर

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्याकडचे काठेवाडी, मारवाडी किंवा मिश्र घोडे दिसायला उंच असले तरी हलके असतात. वजनकाटा नसेल तर शिवणकामाची टेप चालते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. घेर १६५ आणि लांबी १६० असेल तर वजन साधारण ३६७ किलो. त्याचे वीस टक्के ७३. त्यातून नऊ किलोचं खोगीर वजा केलं की स्वार ६४ किलोपर्यंत. नवशिका माणूस पाठीवर आपटत बसतो, त्याच्यासाठी यातूनही चार-पाच किलो कमी धरा.

म्हणजे ऐंशी किलोच्या पाहुण्याला तुमच्याकडे घोडाच नसेल, असं होऊ शकतं. त्याला हे फोनवरच सांगा आणि बैलबंडीतून शिवारफेरी, खरारा (घोड्याचं अंग घासून-झाडून साफ करणं), दोरीवरचं काम हे पर्याय सांगा. भरपाई म्हणून नको, कार्यक्रमाचा भाग म्हणूनच सांगा. गरोदर बाई, नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस, कंबरेच्या मणक्याचा त्रास असलेला आणि दारू घेतलेला, यांना खोगिरावर बसवायचं नाही. इथे आग्रहाला बळी पडू नका.

पहिली संध्याकाळ: खरारा

पाहुणे आले, चहा झाला की त्यांना थेट पागेत न्या. एका घोड्याला दोन माणसं, सोबत एक मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस. आधी उभं कुठे राहायचं ते शिकवा. घोड्याला अगदी समोरचं आणि अगदी मागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने बोलत बोलत जवळ जायचं. मागून पलीकडे जायचं असेल तर पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी चिकटून जा, नाहीतर तीन मीटर लांबून. मधलं अंतर सगळ्यात वाईट, लाथ तिथेच पूर्ण जोराने बसते. कान मागे चिकटवले, शेपटी फटकारली, मागचा पाय उचलून धरला की थांबायचं. हे प्रत्यक्ष घोड्यावर दाखवा, तोंडी सांगून लक्षात राहत नाही.

मग काम. रबरी खराऱ्याने मानेपासून मागे, मांसल भागावर गोल गोल घासत धूळ आणि सुटे केस वर काढायचे. चेहरा आणि गुडघ्याखालचे पाय यांवर रबरी खरारा लावत नाहीत, तिथे मऊ ब्रश. त्यानंतर केसांच्या दिशेने ब्रश मारून वर आलेली धूळ झाडायची. शेवटी खोगीर आणि तंग (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा) बसतो ती जागा उघड्या तळव्याने चाचपायची. दिवाळीच्या सुमारास धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या गवताचं कुसळ आणि गोखरू केसांत अडकतात. एक कुसळ तंगाखाली राहिलं तर घोडा पाठीवर माणूस बसताच उसळतो, आणि दोष घोड्याच्या स्वभावाला जातो. पाहुण्याने स्वतः हात फिरवून कुसळ काढलं की सकाळी खोगीर का तपासायचं ते त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

खूर मोतद्दारानेच उचलावा, पाहुण्याने फक्त खुरपणीने टाचेकडून टोकाकडे माती काढावी. मधल्या मऊ त्रिकोणी भागाला टोक लावू नये. एवढ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

हातातून गूळ-गाजर भरवणं मुलांना फार आवडतं आणि तेच बंद ठेवावं. रोज नव्या हातातून खाणारा घोडा महिन्याभरात खिसे हुंगू लागतो, मग चावतो. मुलांना गाजर बादलीत टाकू द्या आणि बादली मोतद्दाराने ठेवावी. गाजर लांब चिरा. गोल चकत्या घशात अडकतात. पाहुण्यांना ताकीद द्या की गोठ्यातली ढेप किंवा पोत्यातलं पशुखाद्य घोड्यासमोर टाकायचं नाही. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याला थोडंही जिवावर बेततं. खाद्याची खोली कुलूपबंद ठेवा.

सकाळी गोलात

शिकवण्याचं मैदान काळ्या मातीवर नको. कापसाची काळी जमीन पावसात खुराला चिकटून राहते आणि उन्हाळ्यात तिला इतक्या रुंद भेगा पडतात की पाय अडकून मोडतो. अठरा-वीस मीटर व्यासाचा गोल आखा, दगड वेचा, त्यावर चार बोटं मुरूम पसरून दाबा. कुंपण बांबूचं. काटेरी तारेजवळ घोडा शिकवायचाच नाही.

डोक्याला घोडेस्वारीचंच हेल्मेट, हनुवटीचा पट्टा लावून. मोटारसायकलचं जड असतं आणि मानेला ताण देतं. क्रिकेटचं पडण्यासाठी बनवलेलं नसतं. जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. पायात छोटी टाच असलेला बंद बूट हवा. चप्पल, सँडल किंवा सपाट गुळगुळीत तळ असेल तर पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार सरकतो, आणि पडलेला स्वार फरफटत जातो. रिकीब बुटापेक्षा दोनेक सेंटिमीटर रुंद असावी. ओढणी, मफलर, गळ्यातला कॅमेरा खाली ठेवायला लावा.

रिकिबीची लांबी जमिनीवरच जुळते: बोटांची टोकं रिकिबीच्या पट्ट्याच्या वरच्या कडीला लावा, रिकीब काखेपर्यंत यायला हवी. तंग आणि पोट यांच्यात दोन बोटं जातील एवढा आवळा. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, म्हणून दहा पावलं चालवून पुन्हा आवळा, आणि स्वार बसल्यावर पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा. खोगीर एका बाजूला फिरून पडणं हा नवशिक्यांचा नेहमीचा अपघात, आणि तो या तिसऱ्या तपासणीने टळतो. चढायला ओटा किंवा भक्कम स्टूल द्या. जमिनीवरून लटकून चढलं की घोड्याच्या पाठीचा कणा पिळवटतो.

पहिली वीस मिनिटं दोर मोतद्दाराच्या हातात. स्वाराच्या हातात लगाम द्यायचा नाही, खोगिराच्या पुढचा पट्टा धरायला द्यायचा. तोल गेला की नवशिका लगामावर लटकतो आणि लोखंड घोड्याच्या तोंडात रुततं. टाच खाली, नजर पुढे, दोन्ही हात पसरून चालणं, मग एक हात डोक्यावर. हे जमलं की लगाम द्या आणि थांबवायला शिकवा. घोडा बिथरला तर दोन्ही लगाम ओढत बसायचं नाही, तो त्यावर जोर लावून आणखी पळतो. एका बाजूचा लगाम स्वतःच्या गुडघ्याकडे हळूहळू ओढून घोड्याला लहान होत जाणाऱ्या गोलात आणायचं. चालीवर प्रत्येकाने हे तीनदा केल्याशिवाय शिवारात नेऊ नका.

दुडकी चाल दुसऱ्या दिवशी, तीही गोलातच. ज्यांच्याकडे रेवाळ चालीचा (न उसळता सपाट, झपझप चालणारा) काठेवाडी-मारवाडी घोडा आहे, त्यांनी नवशिक्याला तोच द्यावा; त्या चालीत पाठ कमी हादरते.

सहा वर्षांखालच्या मुलांना दहा मिनिटं, दोन्ही बाजूंना एकेक माणूस. थोड्या मोठ्या मुलांसाठी लिंबू-चमचा, बांबूंमधून नागमोडी चालणं, बादलीत चेंडू टाकणं हे खेळ चालीवरच ठेवा. शर्यत लावू नका, एक घोडा पळाला की सगळे पळतात.

शिवारफेरी

पाऊण तासाची फेरी नवशिक्याला पुरते. त्यापुढे मांड्या थकतात आणि तोल जातो. पुढे अनुभवी स्वार शांत घोडीवर, मागे दुसरा. दोन घोड्यांमध्ये एका घोड्याएवढं अंतर. लाथाड्या घोडा सगळ्यात शेवटी.

वाट आदल्या दिवशी पायी पाहून यायची, दर खेपेला. रानडुकरांसाठी शेतकरी रातोरात नवी तार ओढतात. काही सौर झटक्याच्या असतात, काही ठिकाणी बेकायदा थेट वीज सोडलेली असते. बिनकठड्याच्या विहिरी, लोंबणाऱ्या विजेच्या तारा, धुऱ्यावर मोकळ्या पडलेल्या ठिबकच्या नळ्या, सगळं टिपून ठेवा. नळी खुराने तुटली की शेजारी पुढच्या वेळी वाट देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पांदण रस्ता सगळ्यात सोयीचा. कापूस वेचणी चालू असलेल्या वावरातून घोडे नेऊ नका. फवारणीच्या महिन्यांत वाऱ्याच्या खालच्या बाजूने जाऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे विष श्वासातून आणि कातडीतूनही जातं.

तुरीतून रोही (नीलगाय) अचानक उसळली की घोडा बाजूला उडी मारतो. उभ्या तुरीच्या कडेने जाताना सगळ्यांना पट्टा धरायला सांगा आणि पुढच्या स्वाराने बोलत राहावं, आवाजाने जनावर आधीच हलतं. वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणि व्याघ्र प्रकल्पांच्या आसपास तर अंधुक उजेडात जंगलाच्या कडेनेही नको. पोळ्याच्या दिवशी घोडे आतच ठेवा आणि पाहुण्यांना गावात झडत्या (पोळ्यात म्हणायची गमतीची कवनं) ऐकायला पायी न्या, मुलं सोबत असतील तर दुसऱ्या दिवशी मुलांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्यालाही.

परत आल्यावर

हे अर्ध्या तासाचं काम पाहुण्यांकडूनच करवून घ्या. शेवटची दहा मिनिटं चालवत आणायचं, तंग सैल करायचा, खोगीर उतरवायचं. घामेजलेल्या घोड्यावर गार पाणी टाकू नये हा समज चुकीचा आहे. उन्हाळ्यात मान, छाती, पोट, पुठ्ठे यांवर पाणी ओतत राहा, सावलीत वारा लागू द्या. प्यायलाही द्या, थोडं थोडं करून. एरवी दिवसाला तीस-चाळीस लिटर पिणारा घोडा मे महिन्यात पन्नास-साठ लिटर पितो.

आरामात असताना श्वास मिनिटाला आठ ते सोळा आणि ठोके अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असतात. मुलांना घड्याळ देऊन बरगड्यांची हालचाल मोजायला लावा, त्यांना खेळ होतो आणि तुम्हाला नोंद मिळते. अर्ध्या तासानंतरही नाकपुड्या फुललेल्या असतील, किंवा घोडा खुराने जमीन उकरत वारंवार पोटाकडे पाहत असेल, तर १९६२ वर पशुवैद्यकाला फोन करा. माणूस पडला तर त्याला ओढून उठवू नका. मान-पाठ दुखत असेल तर तसंच झोपवून १०८. साधं खरचटलं तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा, पागेच्या मातीत आणि लिदीत ते जंतू असतात.

दुपार खोगिरांना तेल देण्यात, दोर वळण्यात जाते. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी बदलावे लागतात. नालबंदाची फेरी पाहुण्यांच्या शनिवारी ठेवली तर तास कसा गेला कळत नाही. संध्याकाळी गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी लावा, पण हा जाळ कडब्याच्या गंजीपासून आणि पागेपासून बराच लांब, वाऱ्याची दिशा पाहून.

सारंगखेडा (नंदुरबार) किंवा माळेगावच्या (नांदेड) यात्रेतून नवा घोडा आणला तर तीन आठवडे वेगळा बांधा आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय पाहुण्यांच्या जवळ आणू नका, हा रोग माणसालाही होतो. तपासणीसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावं लागतं. तोवर त्याचा खरारा, बादली आणि तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) वेगळा.