लंडनमध्ये गाडी घेण्याआधी गल्ली बघा

घर बघायला गेलात की बॉयलर बघता, ट्यूब स्टेशन किती मिनिटांवर ते विचारता. गाडी कुठे लावायची हे मात्र चाव्या हातात पडल्यावर आठवतं. वेम्बली, हॅरोकडे येणाऱ्या आपल्या मंडळींना मी आधी हेच सांगतो: 'या फ्लॅटला काउन्सिलचं पार्किंग परमिट मिळतं का?' हे एजंटला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. स्टेशनलगतच्या बऱ्याच नव्या इमारतींना मंजुरीच 'कार-फ्री' अटीवर मिळालेली असते. तिथे राहून तुम्ही काउन्सिल टॅक्स कितीही वेळेवर भरा, रस्त्यावरचं परमिट मिळणार नाही.

जुन्या गल्लीत घर असेल तर सोपं. गाडीची नोंद त्याच पत्त्यावर हवी. शुल्क प्रत्येक बरोचं, म्हणजे लंडनमधल्या प्रत्येक स्थानिक काउन्सिलच्या हद्दीचं, वेगळं. अनेक ठिकाणी जास्त धूर सोडणाऱ्या गाडीला जास्त. आणि परमिट घेतलं म्हणजे दारासमोरची जागा आपली झाली, असं नाही. झोनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत परमिटशिवाय गाडी लावता न येणाऱ्या गल्ल्यांच्या पट्ट्यात, जागा शोधायची मुभा मिळते, बस्स.

नवखा माणूस फसतो तो रस्त्याकडेच्या एकेरी पिवळ्या रेघेवर; तिथे ठरावीक वेळेत गाडी लावायला मनाई असते. रेघेशेजारी पाटी नसली की वाटतं, चालतंय. पण झोनची वेळ त्याच्या वेशीवर, आत शिरतानाच्या पाटीवर लिहिलेली असते. काही झोन दिवसात जेमतेम तासभरच चालू असतात. मला सुरुवातीला हा वेडेपणा वाटला होता. पण सकाळी स्टेशनपाशी गाडी टाकून संध्याकाळी परतणाऱ्याला हटवायला तो मधला एक तास पुरतो.

वेम्बलीची तऱ्हा आणखी निराळी. ९०,००० प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये सामना किंवा मैफल असली की आसपासच्या मोठ्या भागात 'इव्हेंट डे'चे नियम लागू होतात, रविवारीसुद्धा. आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या दोन गाड्यांना दंड झाला तेव्हा हे कळलं. वाणापेक्षा दंड महाग! तेव्हापासून आमंत्रण देण्याआधी स्टेडियमचं वेळापत्रक बघतो आणि पाहुण्यांसाठी व्हिजिटर परमिट काढतो. दंड आलाच तर १४ दिवसांत निम्म्यात सुटता येतं. तो चुकीचा वाटला तर पैसे भरू नका, आधी हरकत घ्या. एकदा भरलात की प्रकरण मिटलं.

तुमच्या गल्लीत झोन नसेल तर एक दिवस काउन्सिलचं पत्र येईल: हवा की नको? मी 'नको' कळवलं होतं. स्वतःच्या रस्त्यावर पैसे कशाला? शेजारच्या गल्लीने 'हो' म्हटलं, आणि महिनाभरात त्यांच्याकडे लागणाऱ्या परक्या गाड्या आमच्या दारात. पुढच्या खेपेला आम्हीच सह्या गोळा करत फिरलो. म्हणून उत्तर देताना आपल्यापुरतं बघू नका, शेजारची गल्ली काय म्हणतेय तेही विचारा.

काउन्सिल यातून गल्ला भरते, ही तक्रार कायमचीच, आणि ती अगदीच पोकळ नाही. उत्तर लंडनच्या बार्नेट काउन्सिलने २०११ मध्ये परमिट ४० पौंडांवरून १०० वर नेलं. रहिवासी कोर्टात गेले, आणि २०१३ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की केवळ महसुलासाठी शुल्क वाढवता येणार नाही.

नव्या झोनचा पक्का आदेश निघण्याआधी नोटीस लागते आणि हरकतीला २१ दिवस मिळतात. ती नोटीस दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधलेली असते, बारीक अक्षरात. आमच्याकडे ती बहुतेक जण हरवलेल्या मांजराची जाहिरात समजून पुढे जातात.