व्हर्जिलच्या ओळींचे गण पाडताना या चुका टाळा

'यमाताराजभानसलगा' पाठ असलेल्या माणसाला व्हर्जिलचं 'ईनिड' हे लॅटिन महाकाव्य वाचताना मोठाच फायदा असतो. लघु-गुरु म्हणजे काय, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. गंमत म्हणजे आपल्या बऱ्याचशा चुकाही याच सवयीतून होतात.

पहिली चूक म्हणजे हेक्सामीटरला, म्हणजे या महाकाव्याच्या वृत्ताला, अक्षरगणवृत्त समजणं. भुजंगप्रयाताच्या चरणात बारा अक्षरं ठरलेली. इथे ओळीत साधारण 13 ते 17 येतात. खरं साम्य मोरोपंतांच्या आर्येशी आहे, कारण दोन्हीकडे चार-चार मात्रांचे गण. हेक्सामीटरमध्ये असे सहा, म्हणजे 24 मात्रा. गण एकतर गुरु-लघु-लघु (आपला भगण, त्यांचा डॅक्टिल), नाहीतर दोन गुरु (स्पॉन्डी). आर्येतला जगण (लघु-गुरु-लघु) किंवा चार लघु इथे चालत नाहीत. पाचवा गण बहुधा डॅक्टिल, सहाव्यात दोनच अक्षरं. अगदी शेवटचं अक्षर लघु असलं तरी गुरु धरायचं. ही सवलत आपल्याकडेही आहे.

ओळ देवनागरीत उतरवून गण पाडू नका. आपण ए आणि ओ डोळे मिटून गुरु धरतो, पण लॅटिनमध्ये ते ऱ्हस्वही असतात. 'एगो'तला ए लघु आहे. 'क्व' दिसलं की जोडाक्षर समजून आपण आधीचं अक्षर गुरु करतो. तिथे ते एकच व्यंजन, म्हणून 'अक्व' या शब्दातला अ लघुच राहतो. 'ह' तर व्यंजन म्हणून मोजतच नाहीत.

खऱ्या जोडाक्षराचाही भरवसा नाही. त्, प्, क् यांसारख्या व्यंजनानंतर र किंवा ल आला, तर आधीचा ऱ्हस्व स्वर लघु की गुरु हे कवी ठरवतो. 'ईनिड'च्या दुसऱ्या सर्गात (ओळ 663) पिऱ्हस हा ग्रीक योद्धा बापादेखत मुलाला आणि वेदीपाशी बापाला मारणारा, असं वर्णन आहे. त्या ओळीत 'पत्रिस्, पत्रेम्' ही एकाच शब्दाची ('बाप') दोन विभक्तिरूपं शेजारी आहेत; पहिल्यातला प लघु, दुसऱ्यातला गुरु!

ओळ बसत नसेल तर आधी लोप तपासा. शब्दान्ती स्वर किंवा स्वर आणि म् असेल आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल, तर ते शेवटचं अक्षर गळतं. संस्कृतात म् पुढच्या स्वराला जोडला जातो. इथे तो आधीच्या स्वरासकट जातो. 'मुल्तुम् इल्ले एत्' ही पाच अक्षरं 'मुल्तिल्लेत्' अशी तीन उरतात. मग उरलेली अक्षरं मोजून त्यातून 13 वजा करा. पाचवा गण डॅक्टिल असेल, तर पहिल्या चार गणांत तेवढेच डॅक्टिल. पहिल्या सर्गाची पहिली ओळ 15 अक्षरांची. तिथे ते दोन आहेत, पहिला आणि दुसरा गण.

व्याकरण आणि वृत्त वेगवेगळ्या वह्यांत ठेवणं हीसुद्धा चूकच. चौथ्या सर्गाची सुरुवात पाहा: 'अत् रेगीन ग्रवी यम्दूदुम् साउकिअ कूरा'. 'ग्रवी' (जड) हे 'रेगीन' (राणी) या शब्दाशेजारी आहे म्हणून ते तिचं विशेषण करू नका. 'साउकिअ' (घायाळ) मधला अंत्य अ लघु बसतो, म्हणजे ती प्रथमा, म्हणून घायाळ आहे ती राणी डायडो. 'कूरा' (चिंता) ओळीच्या टोकाला, जिथे शेवटचं अक्षर गुरुच धरतात, म्हणून तिथे वृत्त मुकं. 'ग्रवी'ची विभक्ती मात्र सांगते की ते ओळीच्या टोकावरच्या 'कूरा' या तृतीयेसारख्या रूपाचं विशेषण आहे: जड चिंतेने घायाळ.

अलंकारांबाबत हात जरा आखडता घ्या. आठव्या सर्गात घोडदौडीच्या ओळीत (596) सलग पाच डॅक्टिल टापांसारखे येतात, तर 452व्या ओळीत सायक्लोप्स (एकडोळे राक्षस) घण उचलतात तेव्हा पहिले चारही गण स्पॉन्डी. हे उघड परिणाम आहेत. पण लॅटिनमध्ये गुरु अक्षरं मुळातच भरपूर, त्यामुळे स्पॉन्डी दिसला की 'शोक' लिहायची घाई नको. आधी मागच्यापुढच्या दहा ओळींचे गण पाडा. त्यांतही तेवढेच स्पॉन्डी निघाले, तर त्या ओळीवरची टीप खोडून टाका.